आलेल्या विमानापाशी इंजिनिअर उभा असावा का? दाबोळी, मोपा आणि ट्रान्झिट स्थानकांविषयी

पेडणेवासी

गोव्यातील मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाला, तेव्हापासून आमच्या पेडणे तालुक्यात विमानांविषयी बोलणे रोजचेच झाले आहे. कोणत्या शहराला नवी सेवा सुरू झाली, टॅक्सीवाले किती भाडे सांगतात, दाबोळीच्या जुन्या विमानतळाचे पुढे काय होणार, या सगळ्यावर चावडीवर मते ऐकायला मिळतात. ज्यावर कोणी बोलत नाही असा एक प्रश्न येथे मांडतो. विमान येऊन बेवर (विमान उभे करण्याच्या जागेवर) थांबते, तेव्हा त्याच्यापाशी कंपनीचा मेकॅनिक किंवा परवानाधारक इंजिनिअर हजर असणे किती मोलाचे आहे? की उड्डाणापूर्वी कोणीतरी एक फेरी मारून सही केली, म्हणजे पुरे?

या प्रश्नाला आपल्याकडे अलीकडचा संदर्भ आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला देशात विमानांच्या तांत्रिक बिघाडाच्या घटना एकामागून एक घडल्या, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने म्हणजे डीजीसीएने अचानक तपासण्या केल्या. बिघाडाचे कारण नीट शोधले जात नाही, दुरुस्ती एमईएलच्या (कोणता दोष बाकी असतानाही विमान किती दिवस उडू शकते ते सांगणाऱ्या यादीच्या) आधारे पुढे ढकलण्याचे प्रमाण वाढले आहे, आणि थोड्या थोड्या अंतराने अनेक विमाने येतात-जातात तेथे प्रमाणित करणारे कर्मचारी पुरेसे नसतात, असे त्यात आढळले. त्यानंतर १८ जुलै २०२२ च्या आदेशाने असे ठरले की मुख्य तळावर असो वा ट्रान्झिट स्थानकावर (विमान थोडा वेळ थांबून पुढे जाते तेथे), प्रत्येक विमान बी१ (इंजिन व यांत्रिक भाग) किंवा बी२ (इलेक्ट्रॉनिक उपकरणे) परवाना असलेल्या आणि कंपनीने अधिकार दिलेल्या इंजिनिअरनेच उड्डाणासाठी मोकळे करावे. त्यासाठी २८ जुलैपर्यंतची मुदत होती. तोपर्यंत ज्या स्थानकावर असा माणूस नसेल, तेथे तो विमानातूनच पाठवावा, अशी सोयही ठेवली होती.

गोवा हे बहुतेक कंपन्यांसाठी ट्रान्झिट स्थानकच आहे. विमान मुंबई, बंगळूर, दिल्ली किंवा हैदराबादहून येते, अर्ध्या-पाऊण तासात माणसे उतरवते, चढवते आणि परत जाते. तेव्हा वरचा आदेश आपल्याला थेट लागू पडतो. मात्र त्याचा भर विमान सुटताना सही कोणाची, यावर आहे. माझ्या मते अधिक मोलाचे असते ते विमान आल्यानंतरचे पहिले काही क्षण, आणि त्यांचा उल्लेख कोणत्याच बातमीत नव्हता. या कामातील मंडळींनी लिहावे.

सत्तरीकर

मुद्दा चांगला आहे, पण थोडा भाबडा वाटतो. आजची विमाने स्वतःच्या बिघाडाची खबर स्वतः देतात. एअरबस ३२० सारखे विमान हवेत असतानाच एकार्स या संदेश-यंत्रणेवरून दोषांचे संदेश कंपनीच्या नियंत्रण कक्षाला पाठवते, आणि उतरल्यावर साऱ्या उड्डाणाचा दोष-अहवाल छापून देते. वैमानिक प्रत्येक उड्डाणापूर्वी बाहेरून फेरी मारतोच. असे असताना प्रत्येक बेवर एक महागडा परवानाधारक माणूस उभा ठेवायचा, तो दिवसातून बहुतेक वेळा काहीही न सापडता परत जाणार, आणि त्याचा पगार शेवटी तिकिटातून वसूल होणार. आपली माणसे मोपापर्यंतच्या टॅक्सीच्या भाड्यावरून भांडतात. या खर्चाला ती हसतमुखाने तयार होतील असे वाटत नाही. शिवाय अशा मागणीमागे नोकऱ्या टिकवण्याचा हेतू किती आणि सुरक्षेचा किती, हेही विचारले पाहिजे.

दाबोळी_लाइन

मी लाइन मेंटेनन्समध्ये (बेवर उभ्या विमानांच्या देखभालीत) बी१ परवान्यावर काम करतो. कंपनीचे नाव लिहिणार नाही.

सत्तरीकर म्हणतात ते संदेश आम्ही रोज वाचतो आणि ते फार उपयोगी आहेत. विमान वाटेत असतानाच अमुक व्हॉल्व्हचा दोष आल्याचे कळले, तर सुटा भाग शोधून, मॅन्युअलची पाने काढून आम्ही तयार राहतो. मात्र संदेश तिथलाच येतो, जिथे सेन्सर बसवलेला आहे. टायरला पडलेली चीर, पॅनेलचा निघालेला स्क्रू, पंखाच्या पुढच्या कडेला पडलेला पोचा, फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाच्या) सांध्यातून ओघळलेले ग्रीस, वीज पडून जळालेला स्टॅटिक विक (स्थिर वीज सोडणारी काडी), यांतील कशाचाही संदेश येत नाही. या गोष्टी माणसाने पाहिल्या तरच कळतात.

आता येण्याच्या वेळेविषयी, कारण पेडणेवासी यांचा मुख्य प्रश्न तोच आहे. कितीतरी खुणा विमान थांबल्यावर थोडाच वेळ टिकतात आणि मग पुसल्या जातात. ब्रेकचे उदाहरण घ्या. ३२० च्या मुख्य चाकांना चार ब्रेक असतात. उतरल्यावर ते तापतात, आणि साधारण सारखे तापले पाहिजेत. एखादा फारच गरम असेल तर तो घासत राहिला असण्याची शक्यता असते, आणि एखादा जवळजवळ थंड असेल तर तो काम करत नसण्याची. कॉकपिटमधील पडद्यावर तापमान दिसते, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवावा की सेन्सरच बिघडला आहे हे ठरवण्यासाठी चाकापाशी लगेच जावे लागते. तासाभराने चारही जवळपास सारखेच लागतात आणि प्रश्न विचारायची सोयच राहत नाही. हायड्रॉलिकचेही तसेच. दाब असताना सांध्यातून जे थेंब ठिबकतात, ते दाब उतरल्यावर थांबू शकतात. मागे उरतो तो एक ओला डाग, आणि तो आजचा की परवाचा यावर वाद होतो. इंजिनाच्या तेलाची पातळी तर बंद केल्यानंतर ठरावीक मिनिटांच्या आतच पाहायची असते. लगेच पाहिली तर तेल टाकीत पुरते परतलेले नसते, आणि फार उशिरा पाहिली तर ते गिअरबॉक्सकडे झिरपून टाकीत कमी दिसते. मग नसलेल्या तुटीसाठी तेल घातले जाते आणि पातळी प्रमाणाबाहेर जाते.

याच्या उलट काही गोष्टी येताक्षणी मोजूच नयेत. टायरमधील हवेचा दाब गरम चाकावर मोजला तर फसवा आकडा येतो. तो थंड चाकावरच मोजायचा. कोणती खूण गरम असताना वाचायची आणि कोणती थंड झाल्यावर, हे माहीत असणे हाच आमच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि म्हणून तेथे कोणीही माणूस उभा करून भागत नाही.

सर्वांत जास्त माहिती मात्र वैमानिकांच्या तोंडून मिळते. गोव्याच्या कदंब परिवहनाच्या डेपोत बस आत घेतानाच ड्रायव्हर मेकॅनिकला खिडकीतून सांगतो की तिसऱ्या गिअरला आवाज येतो. तो घरी गेल्यावर वहीत लिहिलेल्या ओळीतून तेवढे कळत नाही. टेक लॉगचेही (विमानातील दोषांच्या नोंदवहीचेही) असेच आहे. लॉगमध्ये 'नोजव्हील व्हायब्रेशन' (पुढच्या चाकाची थरथर) एवढे दोन शब्द असतात. वैमानिक समोर असेल तर विचारता येते की ते उतरताना होते की टॅक्सी करताना (जमिनीवर सावकाश चालताना), कोणत्या वेगाला सुरू झाले, ब्रेक लावल्यावर वाढले की थांबले. या तीन उत्तरांवर टायर, शिमी डँपर (चाकाची थरथर शमवणारा भाग) की ब्रेक यांपैकी कुठे पाहायचे ते ठरते. क्रू बदलून निघून गेला, की आम्ही चाचणी करतो, दोष पुन्हा दिसत नाही, 'तपासले, योग्य आढळले' असे लिहिले जाते, आणि दुसऱ्या दिवशी तीच तक्रार वेगळ्या विमानतळावर वेगळ्या इंजिनिअरसमोर येते.

मांडवीतीर

एक प्राथमिक शंका आहे. विमान थांबताच खाली विमानाला जागा दाखवणारा मार्शलर, सामान उतरवणारे, इंधनवाले अशी बरीच माणसे असतात. त्यांच्यापैकी कोणाला दोष दिसला तर तो सांगणार नाही का? इंजिनिअरच का लागतो?

दाबोळी_लाइन

सांगतो आणि सांगावेच. त्याचे उत्तम उदाहरण जपानमधील नाहा येथील आहे. २० ऑगस्ट २००७ रोजी चायना एअरलाइन्सचे बोइंग ७३७-८०० तैवानहून तेथे पोहोचून जागेवर उभे राहिले. उतरल्यानंतर स्लॅट (पंखाच्या पुढच्या कडेचा हलता भाग) आत घेताना, निखळलेला एक बोल्ट इंधनाच्या टाकीत घुसला होता आणि तिथून इंधन गळू लागले होते. जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी आग पाहून कॉकपिटला कळवले, प्रवाशांना घसरगुंड्यांवरून उतरवले गेले, आणि विमान जळून गेले तरी आतील सर्व १६५ जण वाचले. खाली इंटरफोन लावून उभा असलेला माणूस किती मोलाचा असतो, हे यापेक्षा स्पष्ट काय सांगणार?

पण आग सगळ्यांना दिसते. डाग, पोचा किंवा चीर दिसली तर ती मर्यादेत आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार सामानवाल्याला नाही, आणि ते ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणे त्याच्यावरही अन्याय आहे. कधी कधी तर दोष त्यांच्याच हातून झालेला असतो. २६ डिसेंबर २००५ रोजी सिअॅटलहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ विमानाच्या धडाला सुमारे २६,००० फुटांवर भोक पडले आणि केबिनमधील दाब गेला. विमान सुखरूप परतले. नंतर चौकशीत कळले की सामानाच्या वाहनाचा धक्का लागला होता आणि ते कोणाला सांगितले गेले नव्हते. ज्याने धक्का दिला त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो. तो गप्प बसण्याचा मोह समजू शकतो. तेथे सतत उभ्या असलेल्या, दुसऱ्या खात्याच्या माणसाला तो मोह नसतो.

उजवी सीट

मी फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक आहे. वॉकअराउंड (विमानाभोवतीची पाहणीची फेरी) बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येतो, म्हणून वैमानिक पाहतोच या म्हणण्यावर थोडे लिहितो.

जुलै महिन्यात गोव्यात उतरून परत जायचे असते, तेव्हा माझ्याकडे आत इंधनाचा हिशेब, हवामान, पुढच्या मार्गाची तयारी, केबिन क्रूशी बोलणे अशी कामे असतात, आणि बाहेर आडवा पाऊस असतो. एका हातात छत्री, दुसऱ्यात टॉर्च घेऊन मी फेरी मारतो, ती नियमाप्रमाणे पूर्ण मारतो, आणि तरीही ती पुढच्या उड्डाणासाठी विमान ठीक दिसते का एवढेच पाहण्यासाठी असते. मला प्रशिक्षणही तेवढ्याचेच आहे. पोचा दिसला की तो जुना, नोंदलेला आहे का हे मला नोंदवहीत शोधावे लागते. इंजिनिअरला विमान ओळखीचे असते.

हवाईतील अलोहा एअरलाइन्सची २४३ ही फेरी सर्वांना माहीत असेल. २८ एप्रिल १९८८ रोजी त्या बोइंग ७३७ च्या पुढच्या भागाचे छत २४,००० फुटांवर उडून गेले आणि एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती, आणि तीही समुद्राच्या खाऱ्या हवेत, बेटांमधील छोट्या छोट्या फेऱ्यांची. अमेरिकी तपास यंत्रणेच्या अहवालातील दोन गोष्टी या धाग्याशी जुळतात. सकाळी उजाडण्यापूर्वीच्या अंधारात फर्स्ट ऑफिसरने फेरी मारली होती आणि त्याला काही वावगे दिसले नव्हते. त्यानंतर दिवसभराच्या फेऱ्यांमध्ये वैमानिकांनी बाहेरून पाहणी करावी, असे कंपनीच्या पद्धतीत नव्हते. आणि विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ धडावर लांबट भेग दिसली होती, पण तिने ती कोणाला सांगितली नाही.

दुसरे थोडे नाजूक आहे. बाहेरगावच्या स्थानकावर लॉगमध्ये दोष लिहिला आणि तो दुरुस्त करणारा किंवा एमईएलखाली पुढे ढकलणारा माणूस तेथे नसला, तर विमान तेथेच अडकते. त्यामुळे 'तळावर पोहोचल्यावर लिहू' हा विचार मनात येऊ शकतो. नियम तसे सांगत नाही, प्रशिक्षणातही तसे शिकवत नाहीत, पण मोह आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. जिन्याच्या पायथ्याशी इंजिनिअर उभा दिसला की तो मोह बऱ्याच अंशी संपतो, कारण दोष लिहिल्यावर पुढे काय होईल ते अंधारात राहत नाही.

सत्तरीकर

माझ्या मुद्द्याचा एक भाग मी मागे घेतो: सेन्सर सगळे सांगत नाही, हे मान्य. पण अलोहाचे उदाहरण तुम्ही दिले ते तुमच्या बाजूने पूर्ण उभे राहत नाही. रिव्हेटच्या रांगेतील थकव्याच्या भेगा शोधणे हे हँगरमधील तपासणीचे काम होते, आणि ते झाले नव्हते. बेवरील पंधरा मिनिटांच्या पाहणीवर तो भार टाकला, तर हँगरमधील ढिलाईला आपण उलट निमित्तच देऊ.

दुसरे उदाहरण मी देतो. १८ जुलै २०१८ रोजी ब्रिस्बेनला मलेशिया एअरलाइन्सचे एअरबस ३३० रात्री उडाले, तेव्हा त्याच्या तीनही पिटॉट (वेग मोजणाऱ्या) नळ्यांवर झाकणे तशीच होती. तेथे एक जातीची गांधीलमाशी पिटॉटच्या तोंडाशी मातीचे घर करते, म्हणून विमान उभे असताना झाकणे घातली जात. त्या रात्री विमानापाशी इंजिनिअर होते, जमिनीवरचे कर्मचारी होते, वैमानिकाची फेरीही होती. तरी झाकणे राहिली, हवेत वेगाचे आकडे मिळेनात, आणि वैमानिकांनी कौशल्याने विमान परत उतरवले म्हणून बरे झाले. म्हणजे माणसे वाढवली की डोळे वाढतातच असे नाही. कधी कधी प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने पाहिले असेल.

पेडणेवासी

ब्रिस्बेनचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे, आणि आपल्याकडेही कुंभारीण माशी दाराच्या चौकटीत घर करताना सर्वांनी पाहिली आहे. पण ते सुटतानाचे उदाहरण आहे. काय काढायचे राहिले, ही चूक शेवटच्या फेरीत पकडायची असते, आणि ती फेरी एकाच्याच नावावर लिहिलेली असेल तर पकडली जाते. विमान आल्यावर काय घडले ते समजून घेणे हे वेगळे काम आहे. आपण दोन्ही एकाच मापाने मोजत आहोत, म्हणून खर्चाचा हिशेबही चुकतो. विमान येताना भेटलेला इंजिनिअर दुरुस्तीचा वेळ आधी मिळवून देतो. सुटण्याच्या दहा मिनिटे आधी टायरची चीर सापडली तर चाक बदलेपर्यंत प्रवासी आत बसून राहतात. विमान येताच सापडली तर निम्मे काम माणसे उतरेपर्यंत होते. उशिराचा खर्च कंपनीच भरते, म्हणून मला हा पगार वाया जातो असे वाटत नाही.

मांडवीतीर

परदेशी चार्टर विमाने ऑक्टोबरपासून येतात, त्यांचे काय? त्यांचा तर येथे कोणीच नसतो.

दाबोळी_लाइन

काही चार्टर कंपन्या आपला इंजिनिअर विमानातच घेऊन येतात, काही येथील मान्यताप्राप्त संस्थेशी करार करतात. विमानातून आलेला माणूस आलेल्या विमानाला सर्वांत आधी भेटतो, कारण तो आतच असतो; मात्र त्याने वाटेत झोप घेतली की नाही हा प्रश्न असतो. २०२२ च्या आदेशातील तात्पुरत्या सोयीवरही माझा हाच आक्षेप होता.

सत्तरीकर यांचा हँगरचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दाबोळी समुद्राला लागून आहे, खारी हवा धातूला लागते, पण गंज बेवर शोधायचा नसतो. त्यासाठी पॅनेल उघडावी लागतात. बेवरच्या पाहणीकडून त्या पाहणीइतकीच अपेक्षा ठेवावी.

अडचण संख्येची आहे. दाबोळीत नौदलाचा हंसा तळ असल्याने आठवड्याच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना मिळत नाहीत. त्यामुळे दुपारनंतर विमाने दाटीने येतात. एकाच कंपनीची दोन विमाने पाठोपाठ उभी राहिली आणि इंजिनिअर एकच असला, तर दुसऱ्या विमानापाशी तो पोहोचेपर्यंत क्रू खाली उतरलेला असतो, ब्रेक थंड होत असतात, आणि त्याच्यासमोर सहीचा कागद तेवढा उरतो. डीजीसीएने नोंदवलेली त्रुटी नेमकी हीच होती. बी१-बी२ च्या खालचा ए श्रेणीचा परवाना ठरवून दिलेल्या छोट्या कामांपुरता असतो, त्या माणसाला बिघाडाचे निदान करायला लावणे बरोबर नव्हते. पण बी१ माणसाला एका वेळी दोन बेवर उभे राहायला सांगितले, तर परवान्याचे अक्षर बदलून काय साधले?

आणि घाई जिवावरही बेतते. इंजिन चालू असताना त्याच्या समोरच्या धोक्याच्या क्षेत्रात जायचे नसते, लाल अँटिकोलिजन दिवा (इंजिन चालू असल्याची खूण) बंद होईपर्यंत थांबायचे असते. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत पुशबॅकच्या (विमान बेवरून मागे ढकलण्याच्या) वेळी एक सेवा इंजिनिअर चालू इंजिनात ओढला गेला. दोन विमानांमध्ये धावणारा माणूस दिव्याकडे पाहायला विसरतो.

उजवी सीट

एक व्यवहार्य सूचना. प्रत्येक विमानाला प्रत्येक वेळी माणूस देता येत नसेल, तर निदान क्रम ठरवावा. ज्याने वाटेतून दोषाचा संदेश पाठवला आहे, जे वादळातून किंवा विजेच्या ढगाजवळून आले आहे, ज्याला पक्षी धडकल्याचा संशय आहे, जे जोरात उतरले आहे, आणि ज्याच्यावर एमईएलखाली आधीच काही बाकी आहे, त्या विमानाला इंजिनिअरने थांबताच भेटावे. या बाकी ठेवलेल्या दोषांविषयी एक सांगतो: एमईएलमध्ये बी गटाला ३ दिवस, सी गटाला १० आणि डी गटाला १२० दिवस मिळतात. त्या मुदतीत विमान डझनावारी स्थानकांवर जाते, आणि दोष तेवढाच आहे की वाढतो आहे हे मधल्या एखाद्या स्थानकावर कोणी पाहिले नाही, तर ती मुदत नुसती वाट पाहण्याची होते.

सत्तरीकर

या क्रमाला माझी हरकत नाही. खर्च मर्यादित राहतो आणि माणूस जेथे लागतो तेथेच जातो. संख्या मात्र त्या दिवसाच्या वेळापत्रकावरून ठरावी, स्थानकाला वार्षिक सरासरीने माणसे देऊ नयेत; दाटीच्या तीन तासांत सरासरीचा काहीच उपयोग होत नाही. मोपाला चोवीस तास वाहतूक चालते, म्हणून तेथे ही दाटी पसरवणे सोपे असावे. कंपन्या तसे करतात का, हे दाबोळी_लाइन यांनी सांगावे.

दाबोळी_लाइन

काही करतात. पण प्रवाशाला गोव्यात दुपारी पोहोचायचे असते आणि संध्याकाळी परतायचे असते, त्यामुळे मोपालाही ठरावीक वेळी गर्दी होतेच. रात्री मुक्कामाला राहणाऱ्या विमानांचा विषय वेगळा आहे. तेथे वेळ असतो, प्रश्न उजेडाचा आणि सुट्या भागांचा असतो. त्यावर या आठवड्यात वेगळा धागा काढतो.